रंगीत फिल्मची परीक्षा घेताय? मग फिल्मचीच घ्या

काही वर्षांपूर्वी एका रंगीत निगेटिव्ह फिल्मबद्दल मी छातीठोकपणे लिहिलं होतं: त्वचेचे रंग पिवळट येतात, सावल्यांत हिरवी झाक आहे, पोर्ट्रेटसाठी घेऊ नका. वर्षभराने काही कारणाने तीच पट्टी दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून घेतली. त्वचा छान गुलाबीसर आणि सावल्या स्वच्छ! निगेटिव्ह तीच, तिच्यावरचा ओरखडासुद्धा तोच. बदलला होता तो स्कॅन करणारा माणूस आणि त्याच्या मशीनची सेटिंग. म्हणजे फिल्मच्या नावाखाली मी एका अनोळखी ऑपरेटरच्या आवडीनिवडीचं परीक्षण छापलं होतं.

त्यानंतर ठेचा खात खात जी पद्धत बसवली ती इथे देतो. फार उपकरणं लागत नाहीत. एक मॅन्युअल फ्लॅश, ट्रायपॉड, ग्रे कार्ड (ठरावीक करड्या छटेचा पुठ्ठा), जमलं तर रंगांचा तक्ता, आणि एक वही. वही सोडून बाकी सगळं उसनं चालतं.

आधी सोबतीण शोधा

नवी फिल्म एकटी कधीच तपासू नका. तिच्या जोडीला एक ओळखीची, सहज मिळणारी, त्याच प्रकारची आणि साधारण त्याच आयएसओची फिल्म ठेवा. मी तिला सोबतीण म्हणतो. ४०० आयएसओची निगेटिव्ह तपासायची असेल तर माझी सोबतीण कोडॅक पोर्ट्रा ४००, स्लाइड असेल तर प्रोव्हिया १००एफ किंवा एक्टाक्रोम ई१००. ती ‘उत्तम’ असण्याची गरज नाही, तुमच्या अंगवळणी पडलेली असावी एवढंच.

हिचा उपयोग साधा आहे. दोन्ही फिल्म हिरव्या आल्या तर दोष रसायनात, उजेडात किंवा स्कॅनमध्ये आहे. एकटी नवी हिरवी आली तरच तिच्याकडे बोट दाखवायचं. ‘ही फिल्म उबदार आहे’ या वाक्याला काही अर्थ नसतो. ‘पोर्ट्राच्या शेजारी ठेवली तर हिची करडी चौकट लालसर दिसते’ हे वाक्य कुणीही पडताळून पाहू शकतो.

स्लाइड आणि निगेटिव्ह यांना एकच फूटपट्टी लावू नका

स्लाइड हे तयार चित्र असतं. लाइटबॉक्सवर ठेवा, भिंगातून बघा, जे दिसतं ते फिल्मचं. मधे कुणी दुभाषा नाही. त्यामुळे तिचे रंग तपासायला सोपे, पण एक्स्पोजरच्या बाबतीत ती अतिशय हट्टी असते. अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) लगेच डोळ्यांत भरतो, आणि उजळ भाग एकदा कोरा गेला की गेला.

निगेटिव्हचं नेमकं उलट आहे. दोन-तीन स्टॉप जास्त एक्स्पोजर ती हसत पचवते, पण तिला स्वतःचा असा अंतिम रंग नसतोच. तिच्यावरचा केशरी थर बघून नवशिक्यांना तो रंगीत प्लॅस्टिकचा वाटतो. खरी गोष्ट अशी की फिल्ममधले रंग शुद्ध नसतात. सायन रंगाने फक्त लाल प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा हिरवा आणि निळाही अडवतो. मॅजेंटा रंग थोडा निळा अडवतो. ही खोट भरून काढायला रंग तयार करणारे कपलरच मुद्दाम रंगीत ठेवलेले असतात आणि जिथे ते वापरले जात नाहीत तिथे त्यांचा रंग शिल्लक राहतो. तोच केशरी मास्क. तो प्रत्येक फिल्ममध्ये थोडा वेगळा असतो, आणि तो वजा करून चित्र उलटं करण्याच्या पायरीवरच सगळा गोंधळ होतो. त्यावर पुढे सविस्तर.

सिनेमाच्या फिल्मची आणखी वेगळी तऱ्हा. कोडॅकची व्हिजन३ ५००टी ईसीएन-२ या सिनेमाच्या धुलाईसाठी आणि ३२०० केल्व्हिनच्या उजेडासाठी बनवलेली आहे. तिच्या पाठीवरचा रेमजेट नावाचा काळा थर काढून ती सिनेस्टिल ८००टी म्हणून सी-४१ साठी, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या धुलाईसाठी, विकली जात आली आहे. तो थर नसल्यामुळे दिव्यांभोवती लाल वलयं येतात, आणि दुसऱ्या प्रक्रियेत धुतल्यामुळे कॉन्ट्रास्टही वाढतो. ती वलयं कुणाला आवडतील, कुणाला नाही. परीक्षण करणाऱ्याने ती कुठून आली एवढं सांगायलाच हवं.

रोल हातात आल्यावर

दोन रोल घ्या, एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे. तो नंबर डबीवर मुदतीच्या तारखेजवळ छापलेला असतो. वहीत पहिल्या ओळीला तोच लिहा. एक रोल चाचणीचा, दुसरा खातरजमेचा. एका रोलवर लिहिलेलं परीक्षण म्हणजे एका जेवणावरून केलेली सोयरीक!

मुदत संपलेली फिल्म तपासायची असेल तर खुशाल तपासा, पण तो लेख त्या एका रोलच्या साठवणुकीबद्दलचा होईल. फ्रीजमधला रोल डबी न उघडता तास-दीड तास बाहेर ठेवा, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. विमानाने आणलेला रोल सीटी पद्धतीच्या सामान-स्कॅनरमधून गेला असेल तर तो चाचणीतून बाद. त्याने येणारं धुकं फिल्मच्या माथी मारणं बरोबर नाही.

आणखी एक चौकशी आधीच करा. वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत कधीकधी एकाच कारखान्यातली एकच फिल्म असते. धुतल्यावर कडेला छापलेली अक्षरं आणि बेसचा रंग बघितला की संशय येतो. बहिणीबहिणींची तुलना करून ‘हिचे निळे जास्त सुंदर’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. मीही एकदा लिहिणार होतो, थोडक्यात वाचलो.

कॅमेऱ्याचा दोष फिल्मच्या गळ्यात नको

जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात १/५०० लिहिलेलं शटर प्रत्यक्षात १/३०० ला उघडत असेल तर सगळी चाचणी पाऊण स्टॉपने सरकते. दोन कॅमेरे वापरलेत तर दोघांची शटरं वेगवेगळी खोटं बोलतात. यावर एक स्वस्त तोड आहे: मुख्य चाचणी अंधाऱ्या खोलीत फक्त फ्लॅशवर करा. फ्लॅशचा लखलखाट शटरच्या वेळेपेक्षा खूप छोटा असतो. सिंक स्पीडवर शटर पूर्ण उघडलेलं असताना तो होऊन जातो, त्यामुळे शटर थोडं खोटं असलं तरी एक्स्पोजरवर परिणाम होत नाही. उरतात लेन्सचं छिद्र आणि फ्लॅशची ताकद, ती दोन्ही जागेवर घट्ट ठेवता येतात. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, दोन लखलखाटांमध्ये पुरेसा वेळ द्या, नुसता तयार असल्याचा दिवा लागला म्हणून घाई करू नका. खोली पुरेशी अंधारी आहे का हे बघायला डिजिटल कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगला फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. पूर्ण काळा आला पाहिजे.

लेन्स एकच ठेवा. प्रत्येक लेन्सची काच रंगात थोडी वेगळी असते, आणि जुन्या लेन्समधला फ्लेअर (आत भटकणारा प्रकाश) सावल्या फिकट करून टाकतो. मग आपण लिहितो ‘या फिल्मच्या सावल्या मऊ आहेत’. फिल्टर काढून ठेवा, हूड लावा.

समोर काय ठेवायचं

मधोमध ग्रे कार्ड आणि चोवीस चौकटींचा रंगतक्ता. मॅकबेथ कलरचेकर या नावाने १९७६ पासून ओळखला जाणारा तो तक्ता अजूनही पुरेसा आहे. त्याच्या खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा करड्या पायऱ्या असतात, आणि खरं सांगायचं तर रंगीत चौकटींपेक्षा त्याच जास्त बोलतात. शेजारी पोत असलेलं काळं कापड, पोत असलेलं पांढरं कापड, काही ताजी पानं, लाकडाचा तुकडा, आणि माणूस. शक्य असेल तर वेगवेगळ्या वर्णाची दोन-तीन माणसं. एकाच गोऱ्या चेहऱ्यावरून ‘स्किन टोन अप्रतिम’ म्हणणं हा या क्षेत्रातला जुना रोग आहे.

पांढऱ्या कापडाला जपा. साबणात आणि कापडात अतिनील प्रकाशात चमकणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ते फ्लॅशमध्ये निळसर येतं. न धुतलेलं मांजरपाट किंवा लोकर बरी. फुलांचीही एक गंमत आहे. मॉर्निंग ग्लोरीसारखी काही निळी फुलं डोळ्याला दिसत नाही अशा गडद लाल आणि अवरक्त टोकाचा प्रकाश भरपूर परावर्तित करतात. आपल्याला निळं दिसणारं फूल फिल्मवर गुलाबी-जांभळं येतं. फिल्म इथे खोटं बोलत नाही, तिचे डोळे वेगळे आहेत. फूल चाचणीत जरूर ठेवा, पण त्या एका फुलावरून ‘निळे बिघडतात’ असं लिहू नका.

एक्स्पोजरची शिडी

चाचणीचा कणा हाच. फ्लॅश मीटरने किंवा आधी डिजिटल कॅमेऱ्यावर मोजून फ्लॅश अशा अंतरावर ठेवा, की डबीवरच्या आयएसओला बरोबर एक्स्पोजर एफ/८ येईल. मग फ्लॅशला हात न लावता सात फ्रेम काढा: एफ/२२, १६, ११, ८, ५.६, ४ आणि २.८. पहिली तीन स्टॉप कमी, शेवटची तीन स्टॉप जास्त. आणखी वर जायचं असेल तर एफ/२.८ लाच शटर ‘बी’ वर उघडं धरून अंधारात फ्लॅश दोनदा मारा, की एक स्टॉप वाढला. चारदा मारलात की दोन. प्रत्येक फ्रेममध्ये कोपऱ्यात चिठ्ठी ठेवा: +१, +२ वगैरे. चिठ्ठीचा कंटाळा करू नका. धुतलेल्या पट्टीवर कुठली फ्रेम कुठली हे आठवत बसण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत.

स्लाइडसाठी पूर्ण स्टॉपची शिडी फार ओबडधोबड होते. अर्ध्या किंवा एक तृतीयांश स्टॉपने, −१ ते +१ पर्यंत चढा. व्हेल्व्हिया ५० बरेच जण ४० आयएसओ धरून वापरतात, त्यामागचं कारण अशाच शिडीवर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

शिडी झाली की तीच शिडी सोबतिणीवर, त्याच बैठकीत, कॅमेरा न हलवता.

छत्तीसचा रोल असा संपतो: शिडीच्या नऊ फ्रेम (सात आणि वरच्या दोन), चेहऱ्यांच्या सहा, बाहेरच्या आणि घरातल्या उजेडाच्या बारा, रात्री काळोखात एकट्या दिव्याच्या दोन, लांब एक्स्पोजरच्या तीन, आणि झाकण लावून काढलेल्या दोन कोऱ्या. उरलेल्या दोन अपघातांसाठी. अपघात होतातच.

बाहेरच्या बारा म्हणजे दुपारचं ऊन, सावली, ढगाळ हवा आणि बल्बचा उजेड, प्रत्येकी तीन. उन्हाचा रंग दहा मिनिटांत बदलू शकतो, म्हणून इथे दोन कॅमेरे लागतात. क्रम असा ठेवा: नवी, सोबतीण, पुन्हा नवी. पहिली आणि तिसरी फ्रेम एकमेकींशी जुळल्या तर मधल्या वेळेत उजेड स्थिर होता. जुळल्या नाहीत तर तो संच फेकून द्या, कितीही सुंदर आला असला तरी. आणि टंगस्टन (बल्बच्या उजेडाची) फिल्म दिवसा तपासताना ८५बी हा केशरी फिल्टर लावून एक संच आणि न लावता एक संच घ्या. नुसता निळा फोटो दाखवून तिला दोष देणं योग्य नाही, ती त्या उजेडासाठी बनवलेलीच नाही.

लांब एक्स्पोजर एक, दहा आणि तीस सेकंदांचं. इथे फिल्मची संवेदनशीलता घटते, आणि तिन्ही थरांची ती सारखी घटत नसल्यामुळे रंगही सरकतो.

धुलाई: एकाच टाकीत, शेजारी शेजारी

सी-४१ ही प्रक्रिया १९७२ पासून चालत आलेली आहे. तिच्या डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद, आणि तापमानात सूट अवघी पाव अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ०.१५ अंश सेल्सिअस. घरच्या बादलीत एवढं नेमकं राखणं कठीण आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. म्हणूनच नवी फिल्म आणि सोबतीण एकाच टाकीत दोन रिळांवर घालून एकत्र धुवा. पाणी अर्ध्या अंशाने चुकलं तर दोघींचंही तेवढंच चुकेल. खातरजमेच्या रोलच्या वेळी वरचं रीळ खाली आणि खालचं वर करा, म्हणजे हलवण्यातला फरकही कळून येईल.

रसायन ताजं घ्या. त्याच किटमधून पहिला रोल आणि आठवा रोल यांची तुलना म्हणजे नव्या आणि विटक्या साबणाची तुलना. ब्लिक्स (फिल्ममधली चांदी काढून टाकणारं रसायन) दमलेलं असेल तर फिल्ममध्ये चांदी शिल्लक राहते, चित्र करडं, खरखरीत आणि कॉन्ट्रास्टी होतं, आणि मग लोक लिहितात ‘या फिल्मला एक वेगळाच गंभीर मूड आहे’. शंका आली तर तो रोल ताज्या ब्लिक्समधून पुन्हा काढून धुवा. मूड गेला तर ती चांदी होती.

लॅबकडे देत असाल तर दोन्ही रोल एकाच दिवशी, एकाच पाकिटात द्या आणि पुश-पुल (धुलाईची वेळ वाढवणं-घटवणं) काही नको म्हणून स्पष्ट लिहा. लॅबमध्ये मशीन तपासायला आधीच एक्स्पोज केलेल्या कंट्रोल पट्ट्या असतात. आपणही गरिबाची कंट्रोल पट्टी करू शकतो: सोबतिणीचा एक अख्खा रोल फ्लॅशमध्ये त्याच तक्त्यावर, त्याच एक्स्पोजरला संपवायचा, अंधारात चार-चार फ्रेमचे तुकडे कापायचे, हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवायचे, आणि दर धुलाईला एक तुकडा सोबत सोडायचा. सहा महिन्यांच्या चाचण्या एकमेकींशी जोडणारा दोरा तोच.

स्कॅन: इथेच बहुतेक परीक्षणं बुडतात

लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम वेगळी बघून रंग आणि उजेड आपोआप ठरवतं. म्हणजे शिडीच्या सातही फ्रेम ते ओढूनताणून सारख्या करून देतं, आणि आपण ‘काय लॅटिट्यूड आहे!’, म्हणजे एक्स्पोजरची चूक किती पचवते, म्हणून खूश. फ्रंटियर स्कॅनरचे रंग चांगले की नोरित्सुचे, हा वाद मजेचा असला तरी फिल्मच्या परीक्षेत त्याला जागा नाही. लॅबकडून स्कॅन घ्यायचाच तर ऑटो दुरुस्ती बंद करून, सगळ्या फ्रेम एकाच सेटिंगवर मागा. बहुतेकदा उत्तर येईल की तसं करत नाही. मग घरीच करा.

घरी म्हणजे डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगला लाइट पॅनल, ज्याचा सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा आकडा) किमान ९५ असेल. खोलीत अंधार. कॅमेऱ्यात आयएसओ, छिद्र, शटर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, फाइल रॉ. आधी फिल्म न लावता नुसत्या पॅनलचा फोटो काढा. कोपरे अंधारे असतील तर ते नंतर वजा करता येतात. मग एक्स्पोजर असं ठेवा की फिल्मचा कोरा बेस कुठल्याही चॅनलमध्ये, विशेषतः लालमध्ये, कापला जाणार नाही. त्यानंतर दोन्ही फिल्मच्या सगळ्या फ्रेम संपेपर्यंत त्या सेटिंगला हात लावायचा नाही. शार्पनिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद. फिल्म स्कॅनर वापरत असाल तर धूळ काढणारी इन्फ्रारेड सोयही बंद, कारण ती बारीक तपशील पुसते. धूळ फुंकरीच्या ब्लोअरने झटका.

उलटं करताना माझे नियम तीन. शून्य बिंदू त्या त्या फिल्मच्या स्वतःच्या कोऱ्या फ्रेमवर, झाकण लावून काढलेल्या दोन फ्रेम त्यासाठीच. तटस्थता शून्य एक्स्पोजरच्या फ्रेममधल्या मधल्या करड्या चौकटीवर. आणि मग तेच आकडे त्या रोलच्या फ्लॅशमधल्या सगळ्या फ्रेमना, जसेच्या तसे. जास्त एक्स्पोज झालेली फ्रेम उजळ दिसेल, तिचा उजेड खाली आणा, पण तिन्ही चॅनल एकत्र. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा ओढायचा मोह आवरा. तो आवरला की काही चॅनल मागे पडतात, काही पुढे जातात, आणि फिल्मचा खरा स्वभाव पहिल्यांदा दिसतो.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी एक हिशेब. समजा रॉ फाइलच्या हिरव्या चॅनलमध्ये, कॅमेऱ्याची ब्लॅक लेव्हल वजा करून, कोऱ्या बेसला १२००० आणि ग्रे कार्डला ३००० वाचन आलं. प्रकाश चौपट घटला. चारचा लॉगॅरिदम ०.६०, म्हणजे त्या जागेची घनता (प्रकाश अडवण्याचं माप) बेसपेक्षा ०.६० ने जास्त. एक स्टॉप एक्स्पोजर म्हणजे लॉगच्या भाषेत ०.३०. रंगीत निगेटिव्हचा उतार (एक्स्पोजरमागे घनता वाढण्याचा दर) साधारण ०.६ च्या आसपास असतो, तेव्हा शिडीच्या एका पायरीला घनता ०.१८ च्या जवळपास बदलायला हवी. −२ आणि −३ मधला फरक ०.०५ वर आला की समजायचं, सावल्यांचा तळ लागला. वरच्या टोकाला फरक आकसला तर खांदा आला, म्हणजे उजळ भागाची मर्यादा. हे वाचन खऱ्या डेन्सिटोमीटरइतकं शुद्ध नसतं, कारण कॅमेऱ्याचे रंगफिल्टर एकमेकांत मिसळतात. दोन फिल्म शेजारी ठेवायला मात्र पुरतं.

रंगीत निगेटिव्ह मुळात कागदावर छापण्यासाठी बनली, हेही विसरू नये. ज्यांच्याकडे डार्करूम आहे त्यांनी आरए-४ या रंगीत प्रिंटच्या कागदावर एकच फिल्टर-जोडी ठेवून प्रिंट काढावेत. माझ्या मते त्याहून प्रामाणिक पुरावा नाही.

काय बघायचं, कसं बघायचं

पहिलं बघा क्रॉसओव्हर. मधली करडी चौकट तटस्थ केल्यावर काळी आणि पांढरी चौकट तटस्थ आहेत का? काळी सायनकडे आणि पांढरी लालकडे झुकली असेल, तर ते एका फिल्टरने कधीच दुरुस्त होणार नाही. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं. नुसती झाक हा दोष नाही, ती क्षणात निघते. क्रॉसओव्हर निघत नाही, म्हणून परीक्षणात त्याला सगळ्यात जास्त जागा द्या. तो एकाच फ्रेममध्ये बघून थांबू नका. शून्यावर तटस्थ असणारी फिल्म +३ ला उजळ भागात पिवळी होऊ शकते.

ग्रेन (चित्रातले दाणे) बघताना एक्स्पोजर सारखं असल्याची खात्री करा. रंगीत निगेटिव्हमध्ये कमी एक्स्पोजरला ग्रेन बटबटीत दिसतो, थोडं जास्त दिलं की दडतो. एक फिल्म −१ ला आणि दुसरी +१ ला असेल तर निकाल आधीच लागलेला आहे. सपाट करड्या भागाचा १०० टक्के क्रॉप, दोन्हींचा सारख्याच आकाराचा. कंपनीच्या तक्त्यांतले आकडे वापरताना जपून: स्लाइडचा आरएमएस ग्रॅन्युलॅरिटी आकडा आणि कोडॅकच्या निगेटिव्हचा प्रिंट ग्रेन इंडेक्स या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, एकमेकींत बदलता येत नाहीत. प्रिंट ग्रेन इंडेक्समध्ये २५ म्हणजे ग्रेन डोळ्याला जेमतेम जाणवू लागण्याची पायरी. तो आकडासुद्धा निगेटिव्ह किती मोठी केली यावर बदलतो.

तीक्ष्णतेबद्दल मी थोडकंच लिहितो. ४००० डीपीआयचा स्कॅन कागदावरच्या हिशेबाने मिलिमीटरला जेमतेम ७८-७९ रेषाजोड्या दाखवू शकतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. चांगल्या लेन्सने ट्रायपॉडवरून काढलेल्या बारीक ग्रेनच्या फिल्ममध्ये बऱ्याचदा आधी स्कॅनरच थकतो. तेव्हा ‘दोन्ही सारख्याच शार्प’ लिहिण्याआधी पट्टी भिंगाखाली धरा.

रात्रीच्या दिव्याच्या फ्रेममध्ये हॅलेशन दिसेल: वलयाचा रंग, त्याची रुंदी. बस.

डोळे बांधून

नाव माहीत असलं की डोळा विकला जातो. माझाही जातो. म्हणून दोन्ही फिल्मच्या आठ-दहा जोड्या काढायच्या, फाइलना अ, ब, क, ड अशी नावं द्यायची, किल्ली दुसऱ्याकडे ठेवायची, आणि तीन-चार जणांना विचारायचं की कुठला आवडला आणि का. त्यात एक जोडी मुद्दाम एकाच फ्रेमच्या दोन प्रतींची घालायची. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका अनुभवी मित्राने त्या प्रतींमधल्या एकीत ‘जास्त खोली’ शोधून काढली. त्याचा राग नको, त्याच्या बाकीच्या मतांना वजन थोडं कमी द्यायचं. शेवटी मीही बसलो. सोबतीण कुठली हे मी दहापैकी सहा वेळाच ओळखलं, ते तर नाणं उडवूनही जमलं असतं.

लिहिताना

मोजलेलं एका बाजूला, आवडलेलं दुसऱ्या बाजूला. ‘−२ नंतर काळ्या कापडाचा पोत जातो’ हे मोजलेलं. ‘संध्याकाळच्या उजेडात ही मला फार लोभस वाटते’ हे आवडलेलं, आणि तेही लिहावंच, नाहीतर परीक्षण प्रयोगशाळेची पावती होईल. फक्त दोन्हींची सरमिसळ नको. लेखात इमल्शन नंबर, मुदत, कॅमेरा, लेन्स, उजेड, धुलाई, स्कॅनची पद्धत आणि सोबतिणीचं नाव द्या. फिल्म फुकट मिळाली असेल तर पहिल्या परिच्छेदातच सांगा. शिडीच्या सगळ्या फ्रेम दाखवा, बिघडलेल्याही. आणि गुण देऊ नका. १० पैकी ७.५ हा आकडा कुठल्या उजेडातला, कुणाच्या त्वचेचा?

तो जुना लेख मी काढून टाकला नाही. त्याच्या डोक्यावर दोन्ही लॅबचे स्कॅन शेजारी शेजारी लावले आणि खालचा मजकूर खोडून, पण वाचता येईल असा, ठेवला.

चाचणी संपल्यावर खातरजमेच्या रोलमधल्या उरलेल्या फ्रेम वाया घालवू नका, त्यावर मनसोक्त फोटो काढा. फिल्म कशी वागते हे तक्त्यावर कळतं, पण तिच्याशी आपलं जमेल का हे तिथे कळत नाही. शिडीच्या पट्ट्या नंबर घालून स्लीव्हमध्ये ठेवा. पुढच्या खरेदीत डबीवर वेगळा इमल्शन नंबर दिसला, तर सगळी चाचणी पुन्हा करायची गरज नाही. शिडीच्या नऊ फ्रेम, फ्रीझरमधला एक तुकडा, एक टाकी. दोन पट्ट्या लाइटबॉक्सवर एकीखाली एक ठेवल्या की दहा मिनिटांत कळतं, जुना लेख अजून खरा आहे की त्याच्यावर तारीख घालायची वेळ आली.